उबुंटूवर पायथॉनची आवृत्ती बदलली आणि टर्मिनलच उघडेना, सल्ला हवाय

येरळाकाठ:
नमस्कार मंडळी. मी तासगाव तालुक्यातला, दोन एकर द्राक्षबाग आहे. बागेतलं तापमान आणि आर्द्रता मोजायला एक छोटा नॅनो बोर्ड (सेन्सरचे आकडे वाचणारा छोटा सर्किट बोर्ड) आणि डीएचटी२२ सेन्सर लावलाय. दर दहा मिनिटांनी आकडा यूएसबी केबलमधून शेतातल्या खोलीतल्या लॅपटॉपवर यायचा आणि पायथॉनचा प्रोग्राम तो फाइलीत लिहून ठेवायचा. विंडोजवर वर्षभर काही तक्रार नव्हती. पण विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आणि माझा जुना लॅपटॉप ११ घेत नाही. म्हणून मित्राच्या पेनड्राइव्हवरून विंडोजच्या जागी उबुंटू २२.०४ ही मोफत सिस्टिम टाकली.

प्रोग्राम चालवला तर पहिल्याच ओळींत सिंटॅक्स एरर, म्हणजे लिहिण्याच्या नियमांतली चूक. उबुंटूत पायथॉन ३.१० आहे, विंडोजवर ३.१२ होतं. एक व्हिडिओ बघून डेडस्नेक्सच्या पीपीएमधून (उबुंटूबाहेरच्या लोकांनी ठेवलेल्या साठ्यातून) ३.१२ टाकलं. त्यातच सांगितलं होतं म्हणून अपडेट-अल्टरनेटिव्हज वापरून ‘पायथॉन३’ हे नाव ३.१२ कडे वळवलं. लॅपटॉप बंद करून चालू केला तर आता टर्मिनलच (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडत नाही. क्लिक केलं की थोडा वेळ गोल फिरतं आणि मग काहीच नाही.

छाटणी होऊन बत्तीस दिवस झालेत, चार दिवस आभाळ भरलेलं आहे. रात्रीची आर्द्रता कळली नाही तर डावणीची (द्राक्षावरच्या बुरशीजन्य रोगाची) फवारणी नुसत्या अंदाजावर घ्यावी लागते. सगळं पुसून पुन्हा उबुंटू टाकू का? कुणीतरी सांगा.

कृष्णाकाठ:
पुसून टाक आणि सरळ २४.०४ घे. त्यात ३.१२ आधीपासूनच आहे.

संगममाहुली:
थांबा, काही पुसू नका. मी साताऱ्याजवळच्या एका शाळेत संगणक शिकवते. गेल्या वर्षी आमच्या लॅबमधली तीन मशीन मुलांनी नेमकी अशीच बंद पाडली होती आणि तिन्ही अर्ध्या तासात सुरू झाली.

आधी काय झालंय ते सांगते, म्हणजे भीती जाईल. उबुंटू स्वतःची बरीच कामं पायथॉनमध्ये करतं. तुम्ही ज्या चिन्हावर क्लिक करता, त्या टर्मिनलची सुरुवातही पायथॉनच्या एका छोट्या फाइलीतून होते. ती फाइल ‘पायथॉन३’ला हाक मारते. आजवर ३.१० उत्तर द्यायचं, आता ३.१२ देतं. पण खिडकी दाखवायला लागणारे भाग ३.१० साठी बांधलेले आहेत, ते ३.१२ ला सापडत नाहीत. म्हणून ती फाइल पहिल्याच पायरीवर पडते. याच कारणाने ‘आप्ट अपडेट’ (आप्ट म्हणजे उबुंटूत प्रोग्राम टाकायचं-काढायचं साधन) केलंत तरी शेवटी ‘आप्ट_पीकेजी’ सापडत नाही म्हणून एरर येईल. म्हणजे पायथॉन शाबूत आहे, फक्त नाव चुकीच्या घरी गेलंय.

आता कंट्रोल, आल्ट आणि एफ३ एकदम दाबा. काळा पडदा येईल. नाव आणि पासवर्ड टाका. पासवर्ड टाइप करताना काहीच दिसत नाही, ते तसंच असतं. मग या दोन आज्ञा. मी उच्चाराप्रमाणे लिहितेय, तुम्ही इंग्रजी अक्षरांत टाइप करा:

सुडो अपडेट-अल्टरनेटिव्हज --रिमूव्ह-ऑल पायथॉन३
सुडो एलएन -एसएफ /यूएसआर/बिन/पायथॉन३.१० /यूएसआर/बिन/पायथॉन३

पहिल्या आज्ञेने ‘पायथॉन३’ हे नावच पुसलं जातं, म्हणून दुसरी लगेच द्यायचीच. मध्ये मशीन बंद करू नका. मग कंट्रोल, आल्ट, एफ२ दाबून परत या. तिथे काही दिसलं नाही तर एफ१.

आणि कुणी ‘पायथॉन३ काढून पुन्हा टाका’ म्हणालं तर अजिबात ऐकू नका. आप्टने पायथॉन३ काढायला घेतलंत तर त्याच्यावर अवलंबून असलेला सगळा डेस्कटॉप सोबत जातो. आमच्या चौथ्या मशीनचं तेच झालं होतं आणि ते मात्र पुन्हा टाकावं लागलं.

येरळाकाठ:
ताई, उघडलं! हात थरथरत होते, पण दोन्ही आज्ञा बरोबर बसल्या. आप्टसुद्धा नीट चालतंय. लई उपकार झाले. पण मूळ प्रश्न राहिलाच, प्रोग्राम ३.१० वर चालत नाही.

घाटावरचा:
भावा, ती एरर आलेली ओळ इथे टाक की. ३.१२ खरंच लागतंय का ते आधी बघू.

येरळाकाठ:
ओळ अशी आहे: एफ-स्ट्रिंगला (मजकुराच्या मध्ये आकडा बसवायची पद्धत) बाहेर दुहेरी अवतरणचिन्हं, आत महिरपी कंसात डिक्शनरी (किल्ली देऊन आकडा काढायची यादी), आणि तिच्या ‘टेंप’ या किल्लीलाही दुहेरी अवतरणचिन्हंच.

घाटावरचा:
मग सापडलं. एफ-स्ट्रिंगच्या आत पुन्हा तेच अवतरणचिन्ह वापरायची मुभा ३.१२ पासून मिळाली. ३.१० ला वाटतं स्ट्रिंग तिथेच संपली. ‘टेंप’ला एकेरी चिन्हं दे, प्रोग्राम ३.१० वर चालेल. एवढ्यासाठी अख्खी आवृत्ती बदलायची गरज नव्हती. एरर आली की आधी ती ओळ वाचायची, नवं काही टाकायचं ते त्यानंतर.

टाकलेलं ३.१२ राहू दे, ते बाजूला पडून राहिलं तर कुणाला त्रास देत नाही. उद्या खरंच लागलं तर ‘पायथॉन३.१२’ असं पूर्ण नाव घेऊन बोलवायचं. ‘पायथॉन३’ हे नाव उबुंटूचं, त्याला हात लावायचा नाही.

संगममाहुली:
अगदी बरोबर. आणि आता लायब्ऱ्या (प्रोग्रामला लागणारे तयार भाग) टाकताना त्या तुमच्या प्रोग्रामच्याच फोल्डरात राहतील असं बघा. आप्टमधून ‘पायथॉन३-व्हेन्व’ टाका, व्हेन्व म्हणजे एका प्रोग्रामपुरती वेगळी ठेवलेली पायथॉनची जागा. ते नसेल तर व्हेन्व बनवताना ‘एन्शुअरपिप’ नाही म्हणून अडतं. मग फोल्डरात जाऊन ‘पायथॉन३ -एम व्हेन्व बाग’. त्यातून ‘बाग’ नावाचा फोल्डर तयार होईल आणि त्याच्या आत स्वतःचा पिप, म्हणजे लायब्ऱ्या टाकायचं साधन, असेल. जे टाकायचं ते त्याच पिपने.

कृष्णाकाठजी, २४.०४ वर गेले असते तरी हा धडा टळला नसता. तिथे उघड्यावर पिप चालवला की ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायरन्मेंट’ म्हणून नकार येतो. लोक मग ‘ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’ जोडून पुढे जातात. त्या पर्यायाच्या नावातच लिहिलंय काय होऊ शकतं ते.

कृष्णाकाठ:
मान्य. मी स्वतः हल्ली यूव्ही वापरतो, २०२४ मध्ये आलेलं साधन आहे. हवी ती पायथॉन आवृत्ती तयार उतरवून घेतं, सिस्टिमला हात लावत नाही आणि फार वेगवान आहे. पायएन्व्हही चांगलं, पण ते पायथॉन मशीनवरच बांधतं. जुन्या लॅपटॉपला त्यात बराच वेळ लागतो, आणि एसक्यूलाइटसारख्या भागांच्या, बांधणीला लागणाऱ्या डेव्ह फाइली आधी टाकल्या नसतील तर ते भाग नसलेलं पायथॉन तयार होतं.

घाटावरचा:
शेतातल्या खोलीत मोबाइलच्या नेटवर बसलेल्या माणसाला साधं व्हेन्व पुरे. एक प्रोग्राम, एक लायब्ररी. यूव्ही पुढे बघू.

येरळाकाठ:
व्हेन्व केलं, अवतरणचिन्हं बदलली, सिंटॅक्स एरर गेली. आता म्हणतंय ‘सीरियल’ मॉड्यूलमध्ये ‘सीरियल’ नाही. पिपने सीरियल टाकलंय की.

घाटावरचा:
इथे पुष्कळ जण अडकतात. पिपवर ‘सीरियल’ नावाचं पॅकेज वेगळंच आहे. तुला ‘पायसीरियल’ हवंय. प्रोग्राममध्ये मात्र ‘इंपोर्ट सीरियल’च लिहायचं. आधीचं काढ, हे टाक. आणि तुझ्या स्वतःच्या फाइलीचं नाव सीरियल.पीवाय नाही ना, ते बघ. असेल तर बदल, नाहीतर पायथॉन लायब्ररी सोडून तुझीच फाइल उचलेल.

येरळाकाठ:
टाकलं. आता पोर्टच सापडत नाही. केबल लावली तरी टीटीवायूएसबी० (लिनक्समधलं त्या पोर्टचं नाव) दिसत नाही. केबल बदलून बघितली, बोर्डाचा दिवा लागतोय.

घाटावरचा:
बोर्डावर यूएसबीजवळची चिप कुठली आहे? सीएच३४० असेल तर ‘सुडो डीएमईएसजी’ देऊन सिस्टिमच्या नोंदींच्या शेवटच्या ओळी बघ. ‘बीआरएलटीटीवाय’ हा शब्द दिसतो का?

येरळाकाठ:
सीएच३४० च आहे. आणि हो, दिसतोय! पोर्ट जोडला जातो आणि लगेच ‘डिस्कनेक्टेड’.

घाटावरचा:
२२.०४ वरचा हा माहितीतला घोळ आहे. बीआरएलटीटीवाय, म्हणजेच ब्रेल्टी, हा प्रोग्राम दृष्टिहीन लोकांच्या ब्रेल उपकरणांसाठी असतो. काही ब्रेल उपकरणांचा यूएसबी क्रमांक आणि तुझ्या चिपचा क्रमांक एकच आहे, १ए८६:७५२३. म्हणून ब्रेल्टीला वाटतं आपलंच यंत्र आलं आणि तो पोर्ट ताब्यात घेतो. या लॅपटॉपवर ब्रेल कुणी वापरत नसेल तर ‘सुडो आप्ट रिमूव्ह बीआरएलटीटीवाय’, केबल काढून पुन्हा लाव.

संगममाहुली:
हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगते. ज्या मशीनवर कुणी ब्रेल वापरतं, तिथे ब्रेल्टी काढू नका, त्या माणसाचा संगणकच हातचा जाईल. ब्रेल्टीच्या युडेव्ह नियमांच्या (कुठलं उपकरण कुणाकडे द्यायचं ते ठरवणाऱ्या) फाइलीत फक्त या क्रमांकाची ओळ हॅश (#) लावून बंद करा. आमच्या शाळेत एक विद्यार्थिनी ब्रेल पट्टी वापरते, म्हणून हे मी मुद्दाम लिहितेय.

येरळाकाठ:
पोर्ट आला. पण आता ‘पर्मिशन डिनाइड’.

घाटावरचा:
शेवटची पायरी. ‘सुडो यूजरमॉड -एजी डायलआउट’ आणि पुढे तुझं लॉगिन नाव, म्हणजे पोर्ट वापरायची परवानगी असलेल्या डायलआउट गटात तू जाशील. त्यात ए छोटा आणि जी मोठा. तो छोटा ए विसरलास तर तू बाकीच्या सगळ्या गटांतून बाहेर पडशील, सुडोमधूनही. मग लॅपटॉप रीस्टार्ट कर. आणि लाइट गेली, बॅटरी संपली, तर लॅपटॉप पुन्हा चालू झाल्यावर प्रोग्राम आपोआप सुरू व्हायला हवा असेल तर क्रॉनटॅबमध्ये (आपोआप सुरू करायच्या कामांच्या यादीत) ‘@रिबूट’ची ओळ टाक. तिथे व्हेन्व चालू करत बसायचं नाही, ‘बाग’ फोल्डरातल्या बिनमधल्या पायथॉनचा पूर्ण पत्ता आणि मग प्रोग्रामचा पूर्ण पत्ता द्यायचा.

येरळाकाठ:
काल रात्रभर आकडे आले, एकही चुकला नाही. मोटारीच्या वेळेला लाइट गेली होती, तरी परत सुरू झालं. एक शेवटचं विचारतो. अण्णा, म्हणजे माझे वडील, मराठीच वाचतात. मॅटप्लॉटलिबमध्ये (आलेख काढणाऱ्या लायब्ररीत) आलेखावर मराठी लिहिलं तर नुसते चौकोन येतात. लोहित देवनागरी फॉन्ट दिला तर अक्षरं आली, पण ‘आर्द्रता’ तुटकी दिसते, रफार भलतीकडे.

संगममाहुली:
चौकोन येतात कारण त्याच्या नेहमीच्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही. जोडाक्षरं तुटतात कारण अक्षरं जुळवायचं काम तुमच्याकडचं मॅटप्लॉटलिब करत नाही, ते एकेक अक्षर सुटं मांडतं. फॉन्ट कितीही बदललेत तरी ते जुळणार नाही. सोपा मार्ग सांगू? अण्णांना आलेख हवाय की रात्रीचा आकडा? आकडाच हवा असेल तर प्रोग्रामने एक साधी एचटीएमएल फाइल लिहावी, डोक्यावर कॅरॅक्टरसेट यूटीएफ-८, खाली वेळ आणि आर्द्रतेचा तक्ता. फायरफॉक्स जोडाक्षरं नीट जुळवतो. अक्षर मोठं ठेवा.

येरळाकाठ:
केलं ताई. आज सकाळी अण्णांनी चष्मा न लावता स्वतः वाचून दाखवलं, “पहाटे पाच, आर्द्रता ९१ टक्के.” आणि पंप भरायला गेले.