अनुभव धागा: कीबोर्ड-माउस एकच, कॉम्प्युटर दोन-तीन

मंडळी, सोलापुरातल्या ज्या ऑफिसांचे कॉम्प्युटर मी सांभाळतो, तिथं एक चित्र सारखं दिसतं. टेबल एक, माणूस एक आणि समोर दोन कीबोर्ड, दोन माउस. जुनं मशीन काढता येत नाही, कारण लॉक (सॉफ्टवेअरची नक्कल होऊ नये म्हणून मशीनला लावायचा छोटा तुकडा) लावलेलं एखादं सॉफ्टवेअर फक्त त्याच्यावरच चालतं. आणि नव्याशिवाय रोजचं काम ओढत नाही. मग दिवसभर हात इकडून तिकडं, संध्याकाळी खांदा धरलेला. याच्यावर उपाय आहेत, काही तर फुकट आहेत. पण कुठला कोणाला लागू पडतो ते वापरणाराच सांगू शकतो. म्हणून हा धागा. लिहिताना तीन गोष्टी सांगाच: मशीन कुठली, दोन्हीवर सॉफ्टवेअर टाकायची तुम्हाला मुभा आहे का, आणि मराठी टायपिंग नीट होतं का. शेवटचा प्रश्न व्हिडिओवाले कधी घेतच नाहीत.

सुरुवात मी करतो. नवी पेठेत एका कर सल्लागारांकडे दोन विंडोज मशीन आहेत. तिथं मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइज या फुकट साधनसंचातलं 'माउस विदाउट बॉर्डर्स' बसवलं. हे 2011 पासून वेगळं मिळायचं, 2023 मध्ये पॉवरटॉइजमध्ये आलं. एका मशीनवर किल्ली (जोडणीचा गुप्त शब्द) तयार करायची, ती किल्ली आणि त्या मशीनचं नाव दुसऱ्यावर भरायचं, बास. माउस पडद्याच्या कडेला नेला की शेजारच्या पडद्यावर उमटतो आणि कीबोर्ड त्याच्या मागं जातो. चार मशीनपर्यंत चालतं. इकडं कॉपी केलेला आकडा तिकडं पेस्ट होतो, आणि रिटर्न भरणाऱ्या माणसाला याची किंमत विचारा. फाइलही जाते, पण एका वेळी एकच आणि 100 एमबीच्या आतली. 'ॲडमिन परवानगी द्या' अशी खिडकी आली की तिथं माउस अडतो. ते नको असेल तर सेटिंगमध्ये सर्व्हिस म्हणून चालवायचा पर्याय चालू करा. दोन्ही मशीन एकाच नेटवर्कवर हवीत. राउटरच्या 'गेस्ट' वायफायवर बहुतेक वेळा मशीन एकमेकांना दिसतच नाहीत, तेव्हा जोडणी होईना झाली तर आधी ते बघा.

अक्कलकोट रोड एमआयडीसी, चादरीचं डिझाइन

आमचं काम वेगळं हाय बघा. जकार्डचं (मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राचं) डिझाइन सॉफ्टवेअर जुन्या विंडोज 7 वर, त्याला मागं लॉक लावलेलं. त्या मशीनला नेट द्यायचंच नाही असं मालकांनी ठरवलंय आणि ते बरोबरच हाय, सगळ्या पार्ट्यांची डिझाइनं त्यात हायत. डिझाइन पेन ड्राइव्हनं जकार्डच्या कंट्रोलरला जातं. शेजारी नवीन मशीन, त्याच्यावर ऑर्डरी, मेल, फोटो. नेटवर्कच नाही म्हटल्यावर सॉफ्टवेअरनं जोडायचा प्रश्नच मिटला. म्हणून केव्हीएम स्विच घेतला. लहान डबा असतो, त्यात कीबोर्ड, माउस, मॉनिटर लावायचे आणि तिथून दोन्ही मशीनला केबली. आमच्या डब्यावर स्क्रोल लॉक दोनदा दाबलं की मशीन बदलतं. मॉनिटर एक-दोन सेकंद काळा पडतो, मग दुसरा पडदा येतो.

मी याच्यावर का खूश हाय ते सांगतो. बॉर्डरवरच्या मोराचा तुरा काढताना ग्राफवर एकेक चौकोन भरावा लागतो. एक चौकोन चुकला की चादरीत ताणा-बाणा तिथं वेगळा बसतो, आणि डिझाइन जितक्यांदा रिपीट होईल तितक्यांदा ती चूक विणून येते. वायफायवरनं येणारा माउस अधेमधे अडकतो आणि मग एकदम उडी मारतो. या कामाला तो उपयोगाचा नाही. डब्यातनं आलेला माउस थेट वायरनं आल्यासारखाच चालतो.

दोन गोष्टी बघून घ्या. डबा तुमच्या मॉनिटरच्या जोडणीचा पाहिजे, आणि 4के मॉनिटर असेल तर 60 हर्ट्झ लिहिलेलाच घ्या. जुने डबे 4के ला 30 हर्ट्झच देतात, त्यात माउस ओढत चालल्यागत वाटतो. दुसरं, पोराचा गेमिंग कीबोर्ड लावला तर डब्यानं तो ओळखलाच नाही. साधा लावला, चालला.

भवानी पेठ, छपाई आणि डीटीपी

मराठी टायपिंगचं विचारलंत, बरं केलंत. माझ्याकडे विंडोज आणि लिनक्स अशी दोन मशीन आहेत, मध्ये 'बॅरियर', म्हणजे एकच कीबोर्ड-माउस दोन्हीवर चालवणारा प्रोग्राम. इंग्रजी अगदी सुरळीत. इनस्क्रिप्टमध्ये (मराठीच्या कळपाटीत) लग्नपत्रिका टाइप करायला घेतली की दुसऱ्या मशीनवर कधी काहीच उमटायचं नाही, कधी भलतंच अक्षर यायचं. कारण समजून घेतलं तेव्हा उलगडा झाला. हा प्रोग्राम तुम्ही कुठली कळ दाबली तेवढंच कळवत नाही, त्या कळीचं अक्षर काय होतं तेही ठरवून पाठवतो. कीबोर्ड ज्या मशीनला आहे तिथं मराठी चालू असेल तर 'क' असं अक्षर निघतं, आणि पलीकडचं मशीन आपल्या कळपाटीवर तो 'क' कुठं आहे ते शोधत बसतं.

उपाय सोपा आहे. कीबोर्डवालं मशीन इंग्रजीतच ठेवायचं. मराठी फक्त जिथं अक्षरं उमटवायची त्या मशीनवर लावायची. आता मी पलीकडं जाऊन एच, एल, डी, जे, एफ, के, ई अशा कळा दाबते आणि 'पत्रिका' उमटते, जोडाक्षरासकट. प्रेसमध्ये येणाऱ्या नव्या मुलींना मी पहिल्या दिवशी हेच शिकवते. आमच्याकडे पत्रिकेतलं आडनाव चुकून चालत नाही. वर डिझाइनवाल्या दादांनी सांगितलेल्या डब्यात ही भानगडच नाही, कारण तिथं कळ जशीच्या तशी जाते.

जुळे सोलापूर, पुण्याच्या कंपनीचं काम घरून

कंपनीच्या लॅपटॉपवर स्वतःचं काही टाकता येत नाही, विषय संपला. मी तीन उपकरणांना जोडता येणारा ब्लूटूथ कीबोर्ड घेतला, लॉजिटेकचा के380. एफ1, एफ2, एफ3 वर लॅपटॉप, घरचा पीसी आणि टॅब. तसाच माउस. दोन्हीचं बटण वेगवेगळं दाबावं लागतं, पण त्याची सवय होते. कंपनीच्या आयटीला आधी विचारा, काही ठिकाणी ब्लूटूथही बंद असतं.

ज्यांचा वायरलेस माउस छोट्या रिसीव्हरवर चालतो त्यांच्यासाठी: तो रिसीव्हर निळ्या यूएसबी 3 पोर्टाशेजारी असेल आणि त्या पोर्टात हार्ड डिस्क चालू असेल तर माउस अडखळतो. यूएसबी 3 चा गोंगाट 2.4 गिगाहर्ट्झमध्येच पडतो. छोट्या एक्स्टेन्शन केबलनं रिसीव्हर लांब आणला की थांबतं.

विजापूर रोड, कॉलेजात लिनक्स शिकवतो

प्रेसवाल्या ताईंना सांगायचंय. बॅरियरची शेवटची आवृत्ती 2021 ची आहे. ते सांभाळणारी मंडळी 'इनपुट लीप' या नव्या प्रोग्रामवर गेली. बॅरियर ज्यातून निघालं त्या 'सिनर्जी' या मूळ प्रोग्रामचा मुक्त भाग 2024 पासून 'डेस्कफ्लो' नावानं मिळतो. तुमचं चालतंय तोवर चालू द्या, पण लिनक्स नवीन टाकाल तेव्हा बॅरियर चालणार नाही. नव्या लिनक्समध्ये वेलँड (पडदा आणि कीबोर्ड-माउस सांभाळणारी यंत्रणा) असतं आणि वेलँड कुठल्याही प्रोग्रामला परस्पर माउस हलवू देत नाही. हे मुद्दाम, सुरक्षेसाठी केलेलं आहे आणि मला ते पटतं. आधी लॉगिनच्या वेळी एक्सऑर्ग ही जुनी यंत्रणा निवडून सुटका व्हायची, उबुंटू या लिनक्सच्या 25.10 आवृत्तीपासून तो पर्यायच काढलाय. त्यामुळं डेस्कफ्लो किंवा इनपुट लीपची नवी आवृत्ती घ्या.

आणि सेटिंगमधली एनक्रिप्शनची (माहिती गुप्त करून पाठवण्याची) खूण काढू नका. तुम्ही टाइप केलेला प्रत्येक पासवर्ड त्या नेटवर्कवरून जातो. पहिल्या जोडणीला ओळख पटवणारी अक्षरांची लांब ओळ, म्हणजे जो ठसा दाखवतात तो दोन्ही पडद्यांवर जुळतोय का ते खरोखर वाचा, मगच 'हो' म्हणा.

सात रस्ता, फोटो स्टुडिओ

मॅकबुक आणि आयपॅड. ॲपलची स्वतःची सोय, युनिव्हर्सल कंट्रोल, वापरतो. काही टाकावं लागत नाही. दोन्हीवर एकच ॲपल अकाउंट (आधीचा ॲपल आयडी) हवा. मॅकवर निदान मॅकओएस 12.3, आयपॅडवर 15.4.

होटगी रोड, लॅब

आमच्याकडे एका टेबलावर रिपोर्टिंगचं आणि बिलिंगचं मशीन. सॉफ्टवेअरनंच जोडलेत, छान चालतं. पण उन्हाळ्यात दुपारी लाइट गेली की मशीन यूपीएसवर चालू, राउटर बंद, आणि माउस एका पडद्यावर अडकलेला. पेशंट समोर उभा, रिपोर्ट दुसऱ्या मशीनवर. शेवटी दोन्ही मशीनमध्ये राउटर न घेता सरळ लॅनची केबल टाकली आणि दोन्हीकडं हातानं आयपी पत्ता दिला. इंटरनेट वायफायनं येतं, माउस केबलनं. आता लाइट गेली तरी फरक पडत नाही, आणि माउस आधीपेक्षा हलकाही चालतो.

एक जुना कीबोर्ड मात्र मी दुसऱ्या मशीनच्या मागं लावूनच ठेवलाय. मशीन सुरू होताना बायोसमध्ये (विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगमध्ये) जायचं असेल किंवा विंडोज उघडलंच नाही, तर हे सॉफ्टवेअर तिथपर्यंत पोहोचत नाही. तो कीबोर्ड फेकू नका.