कपाटातल्या मिरच्या : रात्री पंखा बंद ठेवला तर चालेल का?

चौथाकप्पा
आमच्याकडे गच्ची नाही, बाल्कनी नाही आणि एकुलती एक खिडकी समोरच्या भिंतीकडे बघत बसते. म्हणून चपलाबुटांचं जुनं कपाट रिकामं केलं. मधल्या फळ्या काढल्या, आतून पांढरा रंग दिला आणि वर ३० वॅटचा पांढरा एलईडी लावला. रुंदी ४० सेंमी, खोली ३५, उंची ९०. मागच्या बाजूला वर भोक पाडून जुन्या संगणकातला १२० मिमीचा पंखा बसवला, खाली हवा आत यायला एक भोक. दार लावलं की बाहेरून कुणाला पत्ता लागत नाही, आणि मला तेच हवं होतं. पाहुण्यांना "आत काय आहे?" याचं उत्तर देत बसण्याचा मला कंटाळा आहे.

आत मिरचीची सहा रोपं आहेत, प्रत्येकी सहा-सात पानांची. दिवा पहाटे ६ ते रात्री १०. अडचण अशी, की हे कपाट मी आणि धाकटी बहीण झोपतो त्याच खोलीत आहे. पंखा घरघरतो म्हणून रात्री दिव्याबरोबर तोही बंद करते. खालच्या भोकातून उजेडाची तिरीप थेट तिच्या उशीवर पडते, पहाटे ६ वाजता. त्यावरून जे ऐकावं लागतं ते इथे लिहीत नाही.

आता आठ दिवस झाले, पानांच्या खालच्या बाजूला रव्यासारखे बारीक दाणे दिसतायत. किडीची अंडी समजून दोनदा साबणाचं पाणी मारलं. दाणे तसेच, पानांच्या कडा मात्र करपल्या. रोपं उंच पण काटकुळी झालीत. मी नक्की काय बिघडवलंय?

पाचवं_पान
दिव्याची वेळ १६ वरून १२ तास करा, फुलं लवकर येतील. माझ्या ओळखीत एकाने असंच केलं होतं.

मुळाक्षर
पाचवं_पान, ते भांग किंवा शेवंतीसारख्या झाडांचं झालं, रात्र लांबली की फुलणाऱ्या. मिरची घड्याळ बघत नाही. तिला १२ तास दिलेत तर फक्त चार तासांचा उजेड कमी होईल. १६ तास आहेत ते शेवटपर्यंत राहू देत.

चौथाकप्पा, आधी एक करून बघा. दाण्यांवरून बोट फिरवा. अंडी असतील तर पुसली जातील. पानाचाच भाग असल्यासारखे घट्ट राहिले तर कीड नाही, पाण्याचे फोड आहेत. मुळं पाणी ओढत राहतात, पण हवा इतकी दमट असते की पानातून ते बाहेर पडत नाही. मग पेशी फुगतात, फुटतात आणि वाळून खरखरीत होतात. संसर्गजन्य नाही, फवारायचं काही औषध नाही. साबण बंद करा, बिचाऱ्यांनी काही केलेलं नाही.

तुमचा गुन्हेगार म्हणजे तो बंद पंखा. दिवसा आत २९ अंश आणि ६० टक्के आर्द्रता आहे असं धरा. दिवा विझला, तापमान २३ वर आलं, की पाण्याचा एक थेंबही न वाढता तीच हवा ८५ टक्क्यांच्या आसपास जाते. त्यात सहा कुंड्यांची ओली माती. सकाळी दाराला आतून दव येत असणार. आणि पाणी संध्याकाळी घालता का?

चौथाकप्पा
पुसले जात नाहीत. दव येतं, मी बोटाने त्यावर नाव लिहिते. पाणी रात्री ९ वाजता, कारण तेव्हाच वेळ मिळतो.

मुळाक्षर
मग झालंच. पाणी सकाळी, दिवा लागल्यावर, तेही कुंडी उचलून हलकी लागली तरच.

काटकुळेपणाचं कारण वेगळं. दिवा रोपांच्या टोकापासून किती वर आहे? ४०-५० सेंमी असेल तर हळूहळू २५ पर्यंत खाली आणा, एका दिवसात नको. वरची पानं फिकी पडायला लागली किंवा आक्रसली तर पुन्हा थोडा वर. आणि एवढ्या कपाटात सहा मिरच्या म्हणजे गर्दीच्या वेळची लोकल. दोन ठेवा.

तारांबळ
आवाजाचं आणि तिरिपीचं मी सांगतो, झाडांतलं मला कळत नाही.

३० वॅटच्या दिव्याची सगळी वीज शेवटी आत उष्णताच होते. आतली हवा खोलीपेक्षा ३ अंशच जास्त गरम राहावी असं वाटत असेल तर तासाला साधारण ३० घनमीटर हवा फिरायला हवी. १२० मिमीच्या पंख्याला ते निम्म्या वेगातही जमावं. तो १२ व्होल्टचा असतो, ७ वर चालवून बघा. सुरूच झाला नाही तर थोडं वाढवा. रात्री उष्णता नसते, तेव्हा अगदी संथ चालला तरी दमट हवा बाहेर जाते. निम्मी घरघर तर पंख्याची नसतेच, कपाटाच्या पातळ पाठीची असते. स्क्रूखाली रबराचे तुकडे घाला.

तिरिपीसाठी : उजेड सरळ जातो, हवा वळते. खालच्या भोकासमोर दोन पुठ्ठे थोड्या अंतरावर असे लावा, की हवेला इंग्रजी झेडसारखं वळण घ्यावं लागेल. पुठ्ठ्यांना काळा, बिनचमकीचा रंग. पांढरा दिलात तर उजेड ठेचकाळत बाहेर येईलच. वाट मात्र अरुंद करू नका, पंख्याच्या तोंडाइतकी तरी मोकळी हवी.

दिव्याचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला वीज पुरवणारी डबी, आत असेल तर बाहेर काढा. आणि वायर भोकात शिरण्याआधी खाली झोळ ठेवा, म्हणजे पाणी ओघळलंच तर तिथून खाली टपकेल, ड्रायव्हरपर्यंत जाणार नाही.

चौथाकप्पा
तीन आठवड्यांनी येतेय. नवीन पानं गुळगुळीत आहेत, जुनी तशीच दाणेदार राहिली. दाराला दव नाही. पंखा ७ व्होल्टवर हटूनच बसला, ८ वर चालतो. पुठ्ठे लावताना एक रोप माझ्या कोपराने मोडलं, तीन ओळखीत वाटली, म्हणजे मुळाक्षर यांचं ऐकल्यासारखंच झालं.

उरलेल्या दोघींपैकी एकीला कळी आलीय. आत ना वारा ना माशी, मग फळ धरेल कसं?

मुळाक्षर
फूल उमललं की दुपारी देठाला टिचकी मारा. पराग त्याच फुलात पडतो, मिरचीला तेवढं पुरतं. पहिली एक-दोन फुलं गळली तर लगेच साबण काढू नका.

चौथाकप्पा
साबण बहिणीने लपवून ठेवलाय. टिचकीचं काम तिने स्वतःकडे घेतलंय.