घरच्या घरी व्हील अलाइनमेंट: करावं की नाही?

गुहागरकर
माझी वॅगनआर, 2014 ची. गणपतीच्या आधी उजवं पुढचं चाक खड्ड्यात जोरात आदळलं. तेव्हापासून स्टेअरिंग डावीकडे वळवून धरलं तरच गाडी सरळ जायची. चाकांचे कोन जुळवायच्या, म्हणजे अलाइनमेंटच्या मशीनसाठी चिपळूण गाठावं लागतं. तिथल्या एका दुकानात अलाइनमेंट करून घेतलं, परत येताना स्टेअरिंग तसंच वाकडं. दुसऱ्यांदा गेलो तर मशीनवरचे आकडे न दाखवताच "टायर बदला" म्हणाले. दोन दिवस गेले, पेट्रोल गेलं ते वेगळंच. शेवटी अंगणात स्वतः केलं. माझं मत आता पक्कं आहे: साधी गाडी असेल तर टो (वरून बघताना चाकाचं तोंड किती आत-बाहेर वळलंय ते) घरी लावायला शिकावंच. माझ्या गाडीत कॅम्बर (चाकाचा वरून आत-बाहेर कल) आणि कॅस्टर (चाक ज्या आसावर वळतं त्याचा पुढे-मागे कल) फिरवायची सोयच नाही, मागे दोन्ही चाकांना जोडणारा अख्खा ॲक्सल. मशीनवाला तरी टोशिवाय काय लावणार?

कसं केलं ते सांगतो. चारी टायरांत हवा सारखी केली, स्टेअरिंग सरळ करून सीटला बांधलं. गाडीच्या दोन्ही बाजूंना हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) उंचीवर सुतळी ताणली. इथेच बहुतेक जण चुकतात. पुढच्या दोन चाकांमधलं अंतर आणि मागच्या दोन चाकांमधलं अंतर सारखं नसतं, म्हणून सुतळी चाकांना टेकवून चालत नाही. डाव्या-उजव्या पुढच्या हबपासून सारखं अंतर, डाव्या-उजव्या मागच्या हबपासून सारखं अंतर, असं जमेपर्यंत सरकवत राहायची. मला यालाच तास लागला. मग स्टीलच्या पट्टीने सुतळीपासून रिमची पुढची कड आणि मागची कड मोजली. डावं चाक बरोबर निघालं. उजव्याची पुढची कड 4 मिमी बाहेर. लॉकनट सैल करून टाय रॉड (स्टेअरिंगकडून येऊन चाक वळवणारा, आट्यांवर लांब-आखूड होणारा दांडा) साधारण एक फेरा लांब केला, पुढच्या टायरांखाली खताच्या रिकाम्या पिशव्या दुहेरी घातल्या म्हणजे चाक अडकत नाही, गाडी पाच-सहा फूट पुढेमागे ढकलली, परत मोजलं. आता गाडी हात सोडला तरी सरळ जाते.

टायरवाला_नाशिक
दादा, मेहनत घेतलीत, मोजणीही बरोबर केलीत. पण मला तुमचं पटत नाही, आणि कारण तुमच्याच लिहिण्यात आहे. लॉकनट घट्ट असताना टाय रॉडचे आटे आपोआप फिरत नाहीत. मग 4 मिमी आले कुठून? खड्डा उजवीकडे, फरकही उजवीकडेच. काहीतरी वाकलंय. तुम्ही वाकलेला रॉड लांब करून आकडा जुळवलात. वाकलेला रॉड पुढच्या खड्ड्यात तुटला तर ते चाक स्टेअरिंगचं ऐकणार नाही. आमच्याकडे गाडी आली की आधी चाक उचलून हलवून बॉल जॉइंटचा (चाकाकडच्या गोल सांध्याचा) ढिलेपणा बघतो, मग मशीन. तुम्हाला भेटलेल्या दुकानाने हे बघितलं नाही ही त्यांची चूक. त्यावरून घरी करणं बरोबर ठरत नाही.

आप्पा_सांगली
जीप चालवण्यात आयुष्य गेलं. पुढे अख्खा ॲक्सल, दोन्ही टायरांवर खडूने रेघ, रेघांमधलं अंतर पुढून टेपने, मग मागून टेपने. तालुक्याचे मिस्त्री असंच लावायचे आणि टायर पुरे झिजेपर्यंत चालायचे. कॅम्बरची शंका असेल तर गवंड्याचा ओळंबा रिमच्या वरच्या कडेजवळ सोडा, वर-खाली मोजा, दोन्ही बाजू ताडून बघा. मात्र जमीन पाणसपाट हवी. आणि नाशिकवाल्यांचं खरं आहे, खड्ड्यानंतर आधी रॉड बघायचा.

रेवा_पुणे
"साधी गाडी असेल तर" हे तुम्ही लिहिलंत, पण वाचणारे ते विसरतात म्हणून सांगते. माझ्या गाडीला ईएसपी (गाडी घसरू नये म्हणून सांभाळणारी यंत्रणा) आणि लेन धरून ठेवणारा कॅमेरा आहे. अलाइनमेंटनंतर स्टेअरिंग किती वळलंय ते मोजणाऱ्या स्टेअरिंग-अँगल सेन्सरचा शून्य तपासावा लागतो, तो सुतळीने होत नाही. शिवाय आमच्या सोसायटीच्या पार्किंगला पाणी वाहून जावं म्हणून उतार दिलेला आहे. शहरात सपाट जागा आणायची कुठून? आणि नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली घुसणारे मी बघितलेत. खाली स्टँड नसेल तर हात घालू नका, एवढं तरी मोठ्या अक्षरात लिहा.

गुहागरकर
रेवाताई, स्टँड लावूनच काम केलं, पण लिहायला हवं होतं, मान्य. तुमच्या गाडीला हे लागू नाही हेही मान्य. पण मोजायला तरी कुणाची हरकत नसावी. 14 इंची रिमवर 1 मिमी म्हणजे अंशाचा साधारण सहावा भाग. पट्टीवर तेवढं स्पष्ट दिसतं. दुकानात जायच्या आधी आणि आल्यावर मोजलं तर काम झालं की नाही ते आपल्याला कळतं. मी पहिल्याच खेपेला मोजलं असतं तर तिथल्या तिथे बोललो असतो.

टायरवाला_नाशिक
मोजायला माझी मुळीच ना नाही. मोजून आलेलं गिऱ्हाईक मला आवडतं. माझा विरोध पाना लावायला आहे. आधी रॉड तपासा, मग बोलू.

गुहागरकर
आत्ता गाडीखाली जाऊन आलो. उजव्या रॉडला स्टीलची पट्टी लावून मागून बॅटरी मारली, तर मधोमध उजेड दिसतो. डावीकडे दिसत नाही. नाशिकवाले दादा, तुमचं खरं निघालं. रॉड बदलेपर्यंत गाडी दारातच उभी राहील. मेकॅनिक इथे येऊन बदलणार आहे, मग चिपळूणला दुसऱ्या दुकानात मशीनवर लावून आणतो. सुतळी काढलेली नाही, आल्यावर परत मोजून आकडे इथेच टाकतो.