मदत हवी आहे: बेसबॉलचं मॉडेल, 'युनिट' आणि जिंकूनही हरलेला मी

मंडळी, मी न्यूजर्सीत राहतो. २०१८ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर इथे खेळांवर पैसे लावणं कायदेशीर आहे. 'जुगाराच्या नादी लागलास का रे' हा प्रतिसाद आईकडून मिळालेला आहे, तेव्हा कृपया दुसरा काहीतरी द्या.

गेले तर गेले म्हणून २००० डॉलर बाजूला काढलेत. १ युनिट म्हणजे त्याचा १ टक्का, २० डॉलर. मॉडेल एक्सेलमध्ये आहे. बेसबॉलचे आकडेतज्ज्ञ बिल जेम्स यांच्या पायथागोरस सूत्राने (केलेल्या रन्सचा वर्ग भागिले केलेल्या आणि दिलेल्या रन्सच्या वर्गांची बेरीज) टीमची ताकद काढतो. त्यात सुरुवातीच्या पिचरची एफआयपी (फील्डर्सचा हात वगळून पिचरची स्वतःची कामगिरी मोजणारा आकडा) आणि घरच्या मैदानाचा थोडा फायदा मिसळतो. माझी टक्केवारी बुकीच्या भावातल्या टक्केवारीपेक्षा २ ने जास्त आली की लावायचं.

आत्तापर्यंत ३१० बेट्स झाल्या. १७० जिंकल्या, १४० हरल्या. आणि मी २४० डॉलर खाली!

आधी वाटलं शीटमध्ये बेरीज चुकली. मग ट्यूब पेटली. बहुतेक बेट्स -१३० च्या (म्हणजे १०० जिंकायला १३० पणाला) आसपासच्या फेव्हरिटवर, आणि मी लावतो '२० जिंकायला', म्हणजे दर वेळी पणाला २६. जिंकलेल्या १७० चे ३४०० आले, हरलेल्या १४० चे ३६४० गेले. -१३० ला नुसतं बरोबरीत सुटायलाच ५६.५ टक्के जिंकावं लागतं. माझे ५४.८.

तर प्रश्न असे. फेव्हरिटवर '२० जिंकायला' लावावं की '२० पणालाच'? केलीचं सूत्र (जिंकण्याची शक्यता आणि भाव यांवरून किती लावायचं ते सांगणारं) कुणी खरंच वापरतं का? काल एका -१४० च्या मॅचला मॉडेलने ६१ टक्के दिले, केली म्हणाला रकमेच्या ६.४ टक्के लाव, म्हणजे १२८ डॉलर. माझा हातच पुढे होईना. (मॅच जिंकली, ते जाऊ द्या.) आणि ऑफिसातला एक जण म्हणतो, हरलास की पुढची बेट दुप्पट कर, कधीतरी जिंकशीलच.

खडूस_काका: ऑफिसातल्या मित्राला चहा पाजा आणि विषय बदला. १, २, ४, ८, १६, ३२ अशा सहा हरलात की ६३ युनिट गेले. सातवीला ६४ हवेत, तुमच्याकडे उरले ३७. आणि सलग सहा हरणं तुमच्या ३१० मध्ये एकदाही झालं नसेल तर मला नवल वाटेल. मोसमात शंभर मॅच जिंकणारी टीमसुद्धा १६२ पैकी ६२ हरते हो.

दशांश_चिन्ह: केलीने ते सूत्र १९५६ मध्ये बेल लॅब्जमध्ये असताना मांडलं, म्हणजे माणूस तुमच्याच राज्यात बसून लिहीत होता. सूत्र बरोबर आहे, पण ते तुमची टक्केवारी खरी धरून चालतं. कालच्याच मॅचला ६१ ऐवजी ५८ घालून बघा. -१४० ला बरोबरी ५८.३ वर आहे, म्हणजे केली सांगेल लावूच नका. ३ टक्क्यांच्या फरकात १२८ डॉलरचे शून्य! तुमचं एक्सेल ३ टक्क्यांनी चुकत नाही असं छातीठोकपणे सांगाल का? बुलपेन (नंतर येणारे राखीव पिचर) काल किती दमलं, मुख्य कॅचर आज बसलाय का, हे त्यात कुठे आहे? म्हणून लोक पाव केली (सूत्राने सांगितलेल्या रकमेचा चौथा हिस्सा) वापरतात, तुमच्या मॅचला १.६ टक्के. तेही मॉडेलवर भरवसा बसल्यावर. तोवर सरसकट १ टक्का पणाला. '२० जिंकायला' लावलं की फेव्हरिट जितका मोठा तितके जास्त पैसे आपोआप अडकतात.

आणि ३१० बेट्सवरून रडू नका. या भावांना एवढ्या बेट्समध्ये नुसत्या नशिबानेही २० युनिट इकडेतिकडे होतात. तुम्ही १२ खाली. यावरून मॉडेल चांगलं की वाईट, काहीच कळत नाही. त्यापेक्षा पहिला बॉल पडताना भाव काय होता ते लिहून ठेवा. -१३० ला घेतलेलं सारखं -१४५ वर बंद होत असेल तर तुम्हाला बाजाराच्या आधी काहीतरी दिसतंय. उलट होत असेल तर...

धागाकर्ता: काका, झालंय. सलग सात, जूनमध्ये.

दशांश, शेवटच्या २३ बेट्सचे बंद भाव शोधून भरले. १५ ठिकाणी भाव माझ्या विरुद्ध सरकलाय. मी सकाळच्या ट्रेनमध्येच लावून मोकळा होतो, लाइनअप (त्या दिवशी कोण खेळणार ती यादी) येतात दुपारनंतर. मॉडेल पूर्ण संघ धरून ६१ म्हणतं आणि संध्याकाळी त्यातले दोन बॅटर बाकावर असतात.

दशांश_चिन्ह: मग लाइनअप आल्यावर लावा, महिनाभर, १० डॉलरच्या युनिटने. उरलेल्या २८७ चेही भाव भरा तोवर.

धागाकर्ता: १४ भरले. बायको विचारतेय रात्री साडेअकराला कसली डेटा एंट्री चाललीय.