अल्फा वाढला की मेंदू थकलाच असं नाही

काहीजण म्हणतात की ईईजीत (डोक्यावरून मेंदूच्या विद्युत लहरी नोंदवायची चाचणी) अल्फा नावाच्या लहरी वाढल्या की माणूस थकला असं धरायचं. अर्धं पटतं, थकव्यात अल्फा आणि कपाळाजवळचा थीटा (अल्फाहून संथ लहरी, ४ ते ८ हर्ट्झ) वाढतो हे खरंय, पण अल्फा नुसते डोळे मिटले तरी वाढतो, माणसाचा ईईजी पहिल्यांदा नोंदवणाऱ्या हान्स बर्गरनी १९३०च्या आसपासच ते दाखवलं होतं. एमएस्सीला असताना मी अशा एका प्रयोगात बसले होते, डोक्याला घट्ट टोपी, केसांत गार चिकट जेल आणि दीड तास स्क्रीनवरचे आकडे बघून बटण दाबायचं. शेवटी पापण्या जड झाल्या तो सगळा भाग मॅडमनी बाजूला काढला, म्हणाल्या ही झोप आहे गं, थकवा वेगळा मोजायचा.

आणि लहरींशिवायही मोजता येतं, पॅरिसच्या संशोधकांचं २०२२चं काम बघा. सहा तासांहून जास्त वेळ एका गटाला अवघड कामं, दुसऱ्याला सोपी. दमलो असं दोन्ही गट साधारण सारखंच सांगत होते, पण एमआर स्पेक्ट्रोस्कोपी (मेंदूतली रसायनं मोजणारं स्कॅन) केली तर कपाळामागच्या भागात ग्लुटामेट (मेंदूतल्या पेशी एकमेकींना संदेश द्यायला वापरतात ते रसायन) साठलेलं दिसलं ते अवघड कामवाल्यांतच. मला तरी हे फार महत्त्वाचं वाटतं.