अटेस्टेशन फॉर्म आणि गांजाची जुनी केस : ‘नाही’ लिहिलं तर चालेल का?

ऐरोली_खाडीपूल
धाकट्या भावाची केंद्र सरकारच्या नोकरीसाठी निवड झालीय. २०१९ मध्ये नवी मुंबईत गांजा ओढताना पकडला होता, एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी कायदा) कलम ८(क) सह २७. बेलापूर कोर्टात गुन्हा कबूल केला, दंड भरला. वकील म्हणाले, मिटलं. आता आम्ही कळव्याला राहतो. नेमणुकीआधी भरायच्या अटेस्टेशन फॉर्ममध्ये (त्यात जुन्या केसेस विचारतात) ‘नाही’ लिहिलं तर? घरात सगळे धास्तावलेत.

कलमदान
‘नाही’ अजिबात लिहू नका. गुन्हा कबूल करून दंड भरला म्हणजे दोषसिद्धी झाली, केस ‘मिटली’ नाही. फॉर्ममध्ये अटक, खटला, कोर्टाचा दंड, शिक्षा हे सगळं वेगवेगळं विचारतात. नुसतं ‘शिक्षा झाली नाही’ म्हणून सुटता येत नाही.

माहिती दडवली तर अपात्र ठरवू, असं फॉर्मच्या सुरुवातीलाच छापलेलं असतं. अवतार सिंग प्रकरणात (२०१६) सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की दिलेली माहिती खरी हवी. गुन्हा क्षुल्लक असेल तर तो दडवल्याकडे नेमणूक करणारा दुर्लक्ष करू शकतो, पण ते त्याच्या मर्जीवर. खरं सांगूनही नकार येऊ शकतो, विशेषतः गणवेशाच्या नोकरीत. पण दडवलेलं नंतर सापडलं तर लागलेली नोकरीही जाऊ शकते.

नवी मुंबईहून कळव्याला आल्याने पोलीस आयुक्तालय बदललं म्हणून केस लपेल असं समजू नका. मागच्या पाच वर्षांतले पत्ते फॉर्ममध्येच मागतात, आणि पोलिसांच्या नोंदी सीसीटीएनएसवर (देशभरातली पोलीस ठाणी जोडणारी संगणक यंत्रणा) एकत्र असतात.

नक्कल_विभाग
आधी निकालाची प्रमाणित प्रत काढा. केस नंबर माहीत नसेल तर ई-कोर्ट्सवर पोलीस ठाणे, एफआयआर नंबर आणि वर्ष टाकून शोधा, मग कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज करा. सोबत एफआयआर आणि दोषारोपपत्राची प्रतही घ्या.

प्रत हातात आली की शेवटचा आदेश नीट वाचा. कलम २७ आहे की २०, हे लोक हमखास चुकीचं सांगतात. २७ म्हणजे सेवन. गांजासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. २० मध्ये बाळगणं येतं, ते जास्त जड.

प्रोबेशन कायद्याच्या (शिक्षेऐवजी समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडणारा कायदा) कलम ३ किंवा ४ खाली सोडलं असेल तर कलम १२ चा आधार मिळतो, म्हणजे दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही. एनडीपीएसचं कलम ३३ सज्ञान आरोपीला ही सवलत फक्त २६ आणि २७ साठी देतं. नुसता दंड असेल तर १२ लागू नाही. तेव्हा वय अठराच्या आत होतं का? मग बाल न्याय कायद्याचं कलम २४ बघा, त्यातही अशी अपात्रता लागत नाही, सगळं चित्रच बदलतं.

ऐरोली_खाडीपूल
एकोणीस होता. आदेशात फक्त दंड आहे. रकान्यात नेमकं काय लिहायचं?

नक्कल_विभाग
अटक झाली होती का ते एफआयआर-दोषारोपपत्रावरून बघा, त्याप्रमाणे त्या रकान्यात लिहा. खटला, दंड आणि शिक्षा या तिन्ही ठिकाणी ‘होय’. तपशिलात पोलीस ठाणे, गु.र.नं. (एफआयआर नंबर), कलम, कोर्टाचं नाव, केस नंबर, निकालाची तारीख, दंडाची रक्कम आणि ‘दंड भरला, प्रमाणित प्रत जोडली आहे’. ‘मित्रांमुळे अडकलो’ वगैरे तिथे नको. खुलासा वेगळ्या कागदावर, एका पानात, सहीनिशी. सगळ्याची झेरॉक्स स्वतःकडे ठेवा आणि फॉर्म दिल्याची पोच घ्या.