सल्ला हवा: पणजीच्या आसपास खाडी-समुद्रावरची व्याख्यानं (आईसाठी)

खाजणकाठ:
नमस्कार मंडळी. आम्ही फोंड्याचे. आई विज्ञानाची शिक्षिका होती, आता निवृत्त. खाडी, तिवरं, खाजनं (खाडीकाठची बांध घातलेली शेतं) यांवर जाणकाराचं व्याख्यान तिला ऐकायचंय. शिवाय दोनापावलची समुद्रविज्ञान संस्था कशी उभी राहिली तेही. अटी: मराठी किंवा कोंकणीत, जाऊन-येऊन आठशेच्या आत, जिने नकोत (गुडघे). कुठे न्यावं?

दर्यावर्दी७२:
व्याख्यानं सोडा, चांगली दुर्बीण घ्या. मी साडेअकरा हजारांची घेतली, पैसे वसूल. रायबंदरहून फेरीबोटीनं चोडण बेटावर, सलीम अली पक्षी अभयारण्यात. ओहोटीला तिवरांची मुळं चिखलातून पेन्सिली रोवल्यासारखी वर आलेली दिसतात, त्यांतूनच ती श्वास घेतात.

मीठभाकर:
दादा, आठशे म्हटलंय त्यांनी. एका शून्यानं चुकलात.

कोकणकडा_रत्नांग्री:
रत्नागिरीला या. सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्रात मत्स्यालय आहे, देवमाशाचा अख्खा सांगाडा आहे. आमच्याकडे एक रात्र राहा, सोलकढी आमच्याकडून.

मीठभाकर:
फोंड्याहून रत्नागिरी? आठशेत? परत वाचा.

निवृत्त_रसायन:
ताई/दादा, संस्थेचा इतिहास मी सांगतो. साठच्या दशकात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली, बऱ्याच देशांची जहाजं आली. भारताकडची सूत्रं डॉ. एन. के. पणिक्करांकडे होती. मोहिमेत गोळा झालेले प्लवकांचे (पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांचे) नमुने कोचीत ठेवून तिथे अभ्यासकेंद्र उभं राहिलं. एवढं काम हाती आल्यावर कायमची संस्था हवीच होती. ती १ जानेवारी १९६६ ला सीएसआयआर या केंद्राच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेखाली झाली, पणिक्करच पहिले संचालक. आधी दिल्लीत, मग गोव्यात. पुढे 'गवेषणी' हे संशोधन जहाज आलं आणि त्याच्यावरून अंटार्क्टिकाची भारताची पहिली मोहीम झाली.

लाटांचा_हिशेबनीस:
काका, शेवटचं चुकलं. १९८१-८२ ची ती मोहीम 'पोलर सर्कल' या नॉर्वेच्या जहाजावरून गेली, प्रमुख डॉ. कासिम. गवेषणीनं २६ जानेवारी १९८१ ला समुद्रतळावरून धातूंच्या गुठळ्या वर काढल्या, तेही थोडं नव्हे.

निवृत्त_रसायन:
मान्य, पण संस्थेच्या माणसांशिवाय मोहीम झाली नसती हेही लिहा की.

मुंबईकर_शिंपला:
आमच्याकडे हाजीअलीच्या खडकांवर ओहोटीला शोरवॉक (किनाऱ्यावरचे जीव बघत फिरणं) असतात. ऐरोलीला बोटीतून रोहित पक्षी दिसतात. गोव्यात असं काही नाही का?

खाजणकाठ:
मुंबई नको हो. आणि खडकांवर आई कशी चढेल?

मीठभाकर:
एका व्याख्यानाचा माझा अनुभव सांगते, जागेचं नाव घेत नाही. पाटीवर कोंकणी, बोलणं सगळं इंग्रजीत. एसी इतका की शेजारच्या आजींना मी माझी ओढणी दिली. प्रश्नोत्तरांत एका गृहस्थांनी स्वतःच्या घरकुलाच्या परवान्याची कैफियत मांडली, तिवरं राहिली बाजूला. आधी फोन करून भाषा आणि लिफ्ट दोन्ही विचारा.

लाटांचा_हिशेबनीस:
कामाचं सांगतो. २६ सप्टेंबर हा सीएसआयआरचा स्थापना दिन, २८ फेब्रुवारी विज्ञान दिन. या दिवसांच्या आगेमागे प्रयोगशाळा लोकांसाठी उघडतात. तारीख दरवर्षी संस्थेला विचारायची, गेल्या वर्षीच्या पत्रिकेवर जायचं नाही. पैसे पडत नाहीत.

दर्यावर्दी७२:
मीही तेच म्हणणार होतो. चोडणला जा.

बांधावरची_बाय:
खाजन समजायचं तर मानस, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, बघायला हवी. भरतीला बाहेरच्या पाण्याच्या रेट्यानंच लाकडी दारं मिटतात, ओहोटीला आतलं पाणी ती ढकलून उघडतं. कुणी हात लावायचा नसतो. बांधाआड खारं सोसणारं कोरगूट भात, मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव. आता किती बांध फुटलेत, शेतात खारं शिरून तिवरं वाढलीत, आणि ती तोडायला कायदा आड येतो. व्याख्यानात तिवरांचं कौतुक तेवढं असतं, आमच्या भाताचं कोण बोलणार?

मुंबईकर_शिंपला:
तिवरं म्हणजे कांदळवनच ना? ती तोडायची कशाला? लाटा अडवतात ती.

बांधावरची_बाय:
लाटा अडवायला बांधाबाहेर हवीत, भातात नव्हे.

खाजणकाठ:
आईला सगळं वाचून दाखवलं. ती कुठेच जात नाही म्हणते. गावच्या वाचनालयात, तळमजल्यावर, ओळखीतल्या एका निवृत्त संशोधकांना बोलावणार आहे, कोंकणीत. आठशे त्यांच्या रिक्षाला आणि चहा-भज्यांना. बांधावरची_बाय, तुम्हीही या. भाताचं तुम्ही बोला, आईनं खास सांगितलंय.

मुंबईकर_शिंपला:
रेकॉर्डिंग टाका. आणि गवेषणीचा विषय काढू नका, रात्र होईल.